हनुमंतण्णांची तार

भीती कशी बाळगावी हे मला हनुमंतण्णांनी शिकवलं. तोवर मी नुसतीच घाबरट होते.

लग्न होऊन मी साताऱ्याकडच्या एका खेड्यातून बंगळूरला आले, तेव्हा पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. यांची नोकरी एका कारखान्याच्या कचेरीत होती आणि बसवनगुडीत एका बैठ्या घराचा अर्धा भाग आम्हाला भाड्यानं मिळाला होता. उरलेल्या अर्ध्यात हनुमंतराव मोहिते आणि त्यांची बायको शांताक्का राहत. मधे एक भिंत, मागचं अंगण दोघांचं. मोहित्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलं होतं, की पहिले काही दिवस मला निम्मंच समजे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले.

माझ्या माहेरी वीज नव्हती. इथे स्वयंपाकघरात भिंतीवर काळं बटण होतं आणि त्याला हात लावायचा माझा धीर होत नसे. मी लाटण्याच्या टोकानं ते दाबायची. एकदा संध्याकाळी मागचं दार उघडं होतं आणि अण्णांनी ते पाहिलं. मी ओशाळले. हे तर रोज हसत असत.

अण्णा हसले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "लाटणं कोरडं आहे का?"

"हो."

"मग बरोबर आहे. ओलं असेल तर नको."

एवढं बोलून ते गेले. ही आमची पहिली ओळख.

अण्णा तेव्हा नुकतेच तारखात्यातून निवृत्त झाले होते. उंच, वाळकुडे, डोक्याला घट्ट टोपी, पायात घरातसुद्धा लाकडी खडावा. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिला बोटांच्या मागच्या बाजूनं अलगद शिवून पाहायची त्यांना सवय होती. दाराची कडी, नळ, सायकलचं हँडल, अगदी शांताक्कांनी पुढे केलेला कॉफीचा लोटासुद्धा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तळव्याला करंट लागला तर मूठ आवळते. मग सुटत नाही. मागून लागला तर हात आपणच झटकला जातो." शांताक्का आतून म्हणाल्या, "कॉफीत कुठला करंट येणार?" अण्णा म्हणाले, "सवयीला कॉफी कळत नाही."

अंगणाच्या कोपऱ्यात नारळाचं उंच झाड होतं. त्याच्या शेंड्याला अण्णांनी एक लांब बांबू बांधून घेतला होता. बांबूच्या टोकापासून तांब्याची तार निघे, चिनीमातीच्या पांढऱ्या पेल्यांवरून अंगण ओलांडे आणि त्यांच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून आत जाई. दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या लोखंडी नळाला होती. या दोन तारांच्या मधे आभाळातली वीज पकडून तिच्यावर दिवा लावायचा, हा त्यांचा उद्योग. त्याआधी त्यांनी मातीतून वीज काढून पाहिली होती. तांब्याचे आणि जस्ताचे पत्रे पुरून, त्यावर मोरचुदाचं पाणी ओतून. टॉर्चचा बल्ब मिणमिणला होता म्हणे, पण शांताक्कांचं कढीलिंबाचं झाड त्यात जळून गेलं. ती हकिगत त्या सहसा कॉफी ओतताना सांगत, आणि अण्णा दर वेळी खाली मान घालून ऐकत.

गल्लीत त्यांच्याबद्दल काय काय बोलत. कोपऱ्यावरचा वाणी म्हणायचा, ते आभाळातलं काहीतरी घरात उतरवतात. बायका पोरांना आमच्या अंगणाकडे फिरकू देत नसत. मला स्वतःला त्या तारेखालून धुणं वाळत घालायला जायचं म्हणजे मान खाली घालून, श्वास रोखून जावं लागे. पण अण्णांची मला भीती वाटली नाही, कारण त्यांच्यापाशी मला माझी भीती लपवावी लागत नसे.

त्यांनी हे सगळं का आरंभलं, ते मला एका दुपारी कळलं. आभाळ दाटलं होतं. अण्णांनी खिडकीजवळचा सुरीसारखा मोठा खटका खाली ओढून वरची तार जमिनीच्या तारेला जोडून टाकली आणि ओसरीवर येऊन बसले. मग सांगू लागले. ऐन विशीत ते एका लहान स्टेशनातल्या तारघरात होते. तिथे त्यांच्यावर एक मोठे तारबाबू होते, वीस वर्षं नोकरी झालेले. एका वादळी दुपारी नियमाप्रमाणे त्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या. तरी टेबलावरचं यंत्र आपणहून टकटक करत राहिलं.

"बॅटरी नाही, पलीकडे कोणी बसलेलं नाही," अण्णा म्हणाले, "आणि यंत्र बोलतंय. ते बाबू हसले. म्हणाले, बघ, फुकटची तार आली. तार सोडवायला हात पुढे केला. तेवढ्यात वीज पडली."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"खुर्चीतच होते. पेन्सिल कानामागे तशीच. मला वाटलं, अजून हसतायत." अण्णांनी टोपी सारखी केली. "त्या दिवशी मी दोन गोष्टी बघितल्या, सुमा. माणूस मेला ती एक. आणि बॅटरीवाचून यंत्र चाललं ती दुसरी. लोकांना वाटतं मी पहिली विसरलो. विसरलो असतो तर खटका कशाला ओढला असता?"

त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी एक छापील तक्ता टांगला होता. विजेच्या कचेऱ्यांत असतो तसला. शॉक लागलेल्या माणसाला पालथं कसं निजवायचं, पाठीवर तळवे कुठे ठेवायचे, किती दाबायचं, किती सोडायचं, चित्रांसकट. अण्णांनी ते सगळं मला लोडावर करून दाखवलं आणि माझ्याकडून करून घेतला. चार-पाच वेळा, न हसता. शांताक्कांनी मात्र लोडाला हात लावला नाही. "तुम्हाला काही झालं तर मी ओरडेन," त्या म्हणाल्या. "तेवढं मला येतं. शिकायला नको."

यांना या सगळ्याची गंमत वाटे. एका रविवारी हे माझ्याबरोबर मागच्या खोलीत आले. फळीवर काचेच्या चार बरण्या होत्या, आतबाहेर चहाच्या पेटीतला चंदेरी कागद चिकटवलेल्या, झाकणातून पितळी गज वर आलेला. वरून आलेली वीज अण्णा त्यांत साठवत. "हात लावू नका," ते म्हणाले आणि काही काढायला वळले. यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, एका हातानं बरणी धरली आणि दुसऱ्यानं गजाला बोट लावलं.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. हे मागच्या भिंतीवर आदळले आणि खाली बसले. शुद्ध होती, पण तोंडातून शब्द निघेना, आणि उजवा हात दोन तास लाकडासारखा लोंबत राहिला. अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी यांची नाडी पाहिली, पाणी पाजलं, शेजारी बसून राहिले. हे उठून उभे राहिल्यावर मग म्हणाले, "पुन्हा इथे येऊ नका. राग मानू नका. तुमच्या बायकोला पाठवत जा. तिला भीती आहे."

तेव्हापासून आमच्यात एक ठरून गेलं. ते काम करताना मी दारात उभी राहायची, खोलीत पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. आणि मला भीती वाटली की तसं सांगायचं. का वाटली, ते ते विचारायचे नाहीत. मी म्हटलं की खटका खाली. एकदा नुसतेच ढग होते, वाराही नव्हता, आणि मला एकाएकी भीती वाटली. मी म्हटलं, "अण्णा, नको." त्यांनी खटका ओढला, कपाळाचा घाम पुसला. पुढच्या दोन मिनिटांत पलीकडच्या रस्त्यावरच्या निलगिरीवर वीज कोसळली. झाड वरपासून खालपर्यंत सोललं गेलं. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्याकडे असलं मीटर नाही." मला अभिमान वाटायला हवा होता. पण रात्रभर मला झोप आली नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग एका वैशाखात त्यांचा दिवा लागला.

टेस्टरमध्ये असतो तसला लहानसा तांबूस दिवा. याआधी तो नुसता चमकून विझायचा. त्या दिवशी दक्षिणेकडून ढग येत होते, अण्णांनी बरण्या नव्यानं जोडल्या होत्या, आणि दिवा लागला तो लागूनच राहिला. मधूनच फडफडे, पण विझेना. शांताक्का कॉफी घेऊन आल्या, अण्णांनी ती उभ्याउभ्या प्यायली, लोटा खाली ठेवला, तरी दिवा चालूच. तेवढाच वेळ, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोणी पेटवला नाही," ते म्हणत राहिले, "कोणी पेटवला नाही बघ." शांताक्का दिव्याकडे न बघता लोटा घेऊन आत गेल्या.

त्यानंतर अण्णा बदलले. आधी ते माझ्या ध्यानात आलं नाही, नुसतंच अस्वस्थ वाटायचं. मग एके दिवशी पाहिलं, की ते नळ सरळ मुठीत धरून सोडतायत. बोटांच्या मागच्या बाजूनं शिवून पाहणं बंद झालं होतं. खोलीत काम करताना गुणगुणायचे. बरणीवर थापटी मारायचे, गाईच्या पाठीवर मारावी तशी. मी "अण्णा" म्हटलं की खटका ओढायचे, पण आता आधी एकदा आभाळाकडे बघून घ्यायचे.

देवनहळ्ळीजवळ शांताक्कांच्या भावाचं, रंगोजीरावांचं शेत होतं. तिथे अजून विजेचे खांब पोचले नव्हते. अण्णांनी मेव्हण्याला शब्द दिला, की सरकारच्या आधी मी तुझ्या घरात दिवा लावतो. नारळाची उंची पुरत नाही, उघड्या माळावर पतंग चढवायचा, पतंगाच्या दोरीबरोबर बारीक तार सोडायची. शांताक्कांच्या जुन्या रेशमी लुगड्याचा पुरुषभर उंचीचा पतंग त्यांनी महिनाभर खपून तयार केला.

निघायच्या आदल्या दिवशी शांताक्का माझ्याकडे आल्या. नेहमी त्या काही ना काही आणत, त्या दिवशी हात रिकामे होते.

"तू चल," त्या म्हणाल्या.

"अक्का, मला नाही जमणार. मला फार भीती वाटते."

"म्हणूनच चल. त्यांची संपली आहे."

मी गेले. आम्ही तिघं, बसनं देवनहळ्ळी, तिथून बैलगाडीनं शेत. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी नंदीच्या डोंगराकडून ढग वर यायला लागले. अण्णांनी पतंग चढवला. तारेचं रीळ कोरड्या लाकडी घोड्यावर होतं, तिथून एक फाटा जमिनीत ठोकलेल्या गजाकडे, मधे तो दिवा आणि एक बरणी. माझी जागा त्यांच्यापासून वीस पावलं. रंगोजीराव बांधावर होते. माझ्या मागे, घराच्या वाटेवर, एक जुनी चिंच होती आणि तिच्या बुंध्याला त्यांचे दोन बैल बांधलेले.

पतंग स्थिर झाला. थोड्या वेळानं दिव्यात तांबूस ठिपका उमटला, मग दिवा लागला. घरी लागला होता त्याहून कितीतरी लख्ख. दिवसाउजेडी वीस पावलांवरून मला दिसत होता. अण्णा गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत होते. मग मला आवाज ऐकू आला. तारेतून येत होता. तव्यावर मोहरी तडतडायच्या आधी जी बारीक सूंऽ होते, तसा. माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते. मला वाटलं शहारा आहे. चोळून पाहिलं, तरी खाली बसेनात.

"अण्णा," मी म्हटलं, "भीती वाटतेय."

त्यांनी वर पाहिलं नाही. "स्वल्प थांब."

"अण्णा, खाली घ्या. आत्ता घ्या."

"पाच मिनिटं, सुमा. पाचच. बघ कसा जळतोय."

इतक्या वर्षांत त्यांनी मला थांब म्हटल्याची ती पहिलीच वेळ. मला ओरडता आलं असतं. जाऊन त्यांचा हात ओढता आला असता. मी जागची हलले नाही.

नंतरचं मला नीट आठवत नाही. सगळं पांढरं झालं, एवढंच. आवाज झाला असणार, कारण पुढे कितीतरी वेळ कानात दुसरं काही शिरत नव्हतं. तार तशीच होती, अण्णा तसेच होते. वीज पडली होती मागे, चिंचेवर. दोन्ही बैल आडवे झाले होते. आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, वाटेत, शांताक्का पालथ्या पडल्या होत्या. ताकाचा तांब्या घेऊन त्या आमच्याकडेच येत होत्या.

अण्णा धावले. खडावा वाटेतच राहिल्या. त्यांनी शांताक्कांच्या नाकापाशी हात धरला, मग माझ्याकडे बघून मान हलवली. श्वास नव्हता. त्यांनी तळवे पाठीवर टेकले आणि दाबायला सुरुवात केली. "ओंदु, एरडु, मूरु..." कानडीत मोजत होते. दाबायचं, सोडायचं. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. त्यांचं मोजणं अडखळायला लागलं, ओंदुवरून पुन्हा ओंदुवर यायला लागलं, आणि मग त्यांचे हात थांबले. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू पुढचं त्यांना कधी माहीतच नव्हतं.

मी त्यांना बाजूला सारलं आणि गुडघे टेकले. लोड आणि माणसाची पाठ यांत फार फरक असतो. पाठ ऊन होती. मी मराठीत मोजलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. रंगोजीराव शेजारी उभे राहून रडत होते. मग शांताक्कांच्या घशातून घरघर आली, एक मोठा ओढलेला श्वास आला, आणि दुसरा.

पण त्यांचे पाय गेले होते. मांड्यांपासून खाली निळे पडले होते आणि पाण्यातल्या दगडासारखे गार. त्यांना गाडीत घालून देवनहळ्ळीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली तरी त्यांना कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी उतरतं, वाट बघू या. आम्ही बाकावर बसून राहिलो. रंगोजीरावांनी मधे एकदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "भावोजी, झाड उंच होतं. तुम्ही नसतात तरी पडली असती." अण्णांनी तो हात हळूच बाजूला केला.

दिवेलागणीच्या सुमारास शांताक्कांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. मग रंग परतायला लागला, आणि तासाभरात त्या पाय दुखतायत म्हणून कण्हायला लागल्या. दुखतायत हे ऐकून मी रडले.

अण्णा खाटेशेजारी खाली बसले. शांताक्कांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दिवा लागला होता का?"

"नाही," अण्णा म्हणाले.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी शांताक्कांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

बंगळूरला परत आल्यावर त्यांनी बांबू उतरवला, तार गुंडाळली, बरण्या फोडून खोल खड्ड्यात पुरल्या. रंगोजीरावांना नवी बैलजोडी देऊन आले. मग त्यांना भीती वाटायला लागली. पण ही पहिल्यासारखी नव्हती. पहिली त्यांच्या कामात उभी राहायची. हिनं त्यांना घरात बसवलं. आभाळ भरून आलं की ते मीटरजवळचा मुख्य खटका बंद करत, खिडक्या लावत आणि शांताक्कांना हाताला धरून मधल्या खोलीत नेत. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू येई, "बस. इथेच बस. बाहेर नको." माझ्याशी बोलत, पण विजेबद्दल कधीच नाही. मी दिसले की त्यांना त्या दुपारचं "पाच मिनिटं" आठवत असेल. मला तरी आठवायचं. आणि त्याबरोबर मी जागची हलले नव्हते तेही.

शांताक्का हळूहळू चालायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात एकदा आम्ही दोघी ओसरीवर चिंचा फोडत बसलो होतो. अण्णा बाजारात गेले होते. त्या एकदम म्हणाल्या, "लागला होता ना?"

माझ्या हातातला बत्ता थांबला. शेवटी म्हटलं, "लागला होता."

"माहीत आहे मला. मी बघतच येत होते. घरी लागला तेव्हा रागानं पाहिला नव्हता. म्हटलं, आता तरी बघावा." त्यांनी चिंचेतला चिंचोका काढून बाजूला टाकला. "चांगला होता गं. लाल."

"मग त्यांना का विचारलंत?"

"ते काय सांगतात ते बघायचं होतं," शांताक्का म्हणाल्या. "त्यांना सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून. एवढ्या कष्टानं बोललेत ते खोटं."

मी सांगितलं नाही. साठनंतर दोन-तीन वर्षांनी यांची बदली झाली. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला राहायला गेलो. येणंजाणं कमी होत गेलं.

शेवटचे ते दोघे मला दिसले ते गांधीबाजारच्या रस्त्यावर. वळिवाचे दिवस होते, चार वाजताच अंधारून आलं होतं, आणि मी बसमध्ये खिडकीशी होते. अण्णा हातात भाजीची पिशवी घेऊन खाली बघत भराभर चालले होते. फार थकले होते. शांताक्का त्यांच्या मागे पाच-सहा पावलांवर होत्या, आणि रस्त्याच्या कडेला मधेच उभ्या राहिल्या. दूरवर वीज चमकली. त्यांनी मान वर केली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून बघत राहिल्या.

अण्णा वळले. "बेग ये, बेग," लवकर ये, असं काहीतरी म्हणत असावेत. ओठ हलताना दिसले. शांताक्का हलल्या नाहीत. तेव्हा ते परत फिरले, त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. ओढलं नाही. मान छातीवर टेकवून, डोळे घट्ट मिटून, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, शांताक्कांचं बघून व्हायची वाट पाहत राहिले.

मी खिडकीतून हाक मारायला तोंड उघडलं, पण बस सुटली होती.